पत्ता बदलला, पत कशी टिकवावी?

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता मंद्रूपजवळून जातो. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १३ म्हणून ओळखला जाई. २०१० साली देशातील राष्ट्रीय महामार्गांना नव्या पद्धतीने क्रमांक देण्यात आले आणि हा रस्ता ५२ क्रमांकाचा झाला. रस्ता तोच, डांबर तेच, दोन्ही बाजूंची ज्वारीची शेतेही तीच. बदलला तो केवळ क्रमांक. पण १३ हा क्रमांक रिकामा राहिला नाही. तो आता अरुणाचल प्रदेशातील महामार्गाला मिळाला आहे. तेव्हा जुन्या पुस्तकात वाचून एखादा प्रवासी आज 'महामार्ग १३' शोधू लागला, तर तो भीमेच्या काठी न येता तवांगच्या डोंगरात जाऊन पोचेल!

वस्तू जागच्या जागी असते, पण तिचा पत्ता बदलला की ती शोधणाऱ्याच्या दृष्टीने हरवते. संगणकांच्या महाजालावर, म्हणजे इंटरनेटवर, ही गोष्ट रोज घडते. शाळा, ग्रंथालये, विद्यापीठे, शासकीय कार्यालये आपली संकेतस्थळे (वेबसाइट) काही वर्षांनी एका व्यवस्थेवरून दुसऱ्या व्यवस्थेवर हलवतात. नवे संकेतस्थळ अधिक सुबक असते, मोबाइलवर चांगले दिसते, चालवायलाही सोपे असते. पण काही दिवसांनी ध्यानात येते, की काल-परवापर्यंत शोधयंत्रात पहिल्या पाच उत्तरांत दिसणारे आपले पान आता पाचव्या पडद्यावरही सापडत नाही. मजकुरातले एक अक्षरही बदललेले नसते. मग हे झाले कसे? आणि ते टाळायचे कसे? या लेखात आपण हेच पाहू. त्यासाठी गणित लागेल ते नववी-दहावीचेच.

शोधयंत्र काय करते?

गूगलसारखे शोधयंत्र आपण प्रश्न विचारल्यावर जगभर धावत सुटते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. शोधयंत्राने आपले काम अगोदरच करून ठेवलेले असते. त्याच्या आज्ञावल्या रात्रंदिवस एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतात. प्रत्येक पान त्या वाचतात, त्यातील शब्दांची नोंद घेतात आणि त्या शब्दांपुढे पानाचा पत्ता लिहून ठेवतात. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही एक प्रचंड सूची म्हणा ना! पुस्तकाच्या सूचीत शब्दापुढे पृष्ठक्रमांक असतो, येथे पानाचा पत्ता असतो.

या सूचीत एकेका शब्दापुढे लाखो पत्ते असू शकतात. त्यांपैकी कोणता वर दाखवायचा आणि कोणता खाली, हे ठरवावे लागते. त्यासाठी शोधयंत्र अनेक गोष्टी पाहते: पानातील मजकूर प्रश्नाशी किती जुळतो, पान किती लवकर उघडते, ते कोणत्या भाषेत आहे, इत्यादी. पण यांतील एक कसोटी फार मूलभूत आहे. ती म्हणजे, दुसऱ्या किती आणि कोणत्या पानांनी या पानाकडे बोट दाखवले आहे? या बोट दाखवण्यालाच दुवा किंवा लिंक म्हणतात.

१९९८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी ही कसोटी गणितात मांडली. तिला 'पेजरँक' असे नाव पडले. तिच्यामागची कल्पना आपल्या गावातल्या व्यवहारासारखीच आहे. ज्याचे नाव चार भली माणसे घेतात, त्याची पत मोठी. आणि ज्यांची स्वतःची पत मोठी आहे, त्यांनी नाव घेतले तर ती आणखी मोठी. पण यात एक घोटाळा दिसतो. प्रत्येकाची पत दुसऱ्याच्या पतीवर अवलंबून असेल, तर मोजणीला आरंभ कोठून करायचा?

आठशे भटक्यांचा प्रयोग

भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे ठिकाण आहे. ते दक्षिण सोलापूर तालुक्यातच येते. तेथील देवालयात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील शिलालेख आहे. मराठीतील आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. समजा, जवळच्या एका शाळेने या शिलालेखाची माहिती देणारे एक पान महाजालावर ठेवले आहे. त्याला आपण 'श' म्हणू. आणखी तीन पाने घेऊ: ग्रामपंचायतीचे 'क', पर्यटनाची माहिती देणारे 'ख' आणि इतिहासप्रेमी मंडळाचे 'ग'. त्यांच्यातील दुवे असे आहेत:

'क' वरून एकच दुवा निघतो, तो 'श' कडे.
'ख' वरून दोन दुवे निघतात, एक 'श' कडे आणि एक 'ग' कडे.
'ग' वरून एकच दुवा निघतो, तो 'क' कडे.
'श' वरून दोन दुवे निघतात, एक 'क' कडे आणि एक 'ख' कडे.

आता या चार पानांवर प्रत्येकी २०० असे ८०० भटके उभे करा. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या पानावरचा एखादा दुवा धरून पुढच्या पानावर जायचे. दुवे दोन असतील तर निम्म्यांनी एका बाजूला आणि निम्म्यांनी दुसऱ्या बाजूला.

पहिल्या शिट्टीनंतर 'श' वर 'क' कडून २०० आणि 'ख' कडून १००, मिळून ३०० जण येतील. 'क' वर 'ग' कडून २०० आणि 'श' कडून १००, असे ३०० होतील. 'ख' वर १०० आणि 'ग' वर १०० राहतील. दुसऱ्या शिट्टीनंतर आकडे होतील: श ३५०, क २५०, ख १५०, ग ५०. तिसऱ्या शिट्टीनंतर: श ३२५, क २२५, ख १७५, ग ७५. प्रत्येक वेळी बेरीज ८००च येते हे ताडून पाहा. भटके नाहीसे होत नाहीत आणि नवे निर्माणही होत नाहीत, केवळ जागा बदलतात.

शिट्ट्या वाजवत राहिलो, तर आकड्यांचे वरखाली होणे कमी कमी होत जाते आणि शेवटी समतोल येतो. समतोलात प्रत्येक पानावर जितके जण येतात, तितकेच तेथून जातात. हा समतोल समीकरणांनी थेट काढता येतो:

श = क + ख/२
ख = श/२
ग = ख/२
क = ग + श/२

दुसऱ्या समीकरणावरून ख = श/२. म्हणून ग = श/४. म्हणून क = श/४ + श/२ = ३श/४. चौघांची बेरीज ८०० आहे, म्हणजे श × २.५ = ८००. यावरून श = ३२०, क = २४०, ख = १६०, ग = ८०.

आरंभ कोठून करायचा, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. सर्वांना सारखे धरून आरंभ करा आणि फेऱ्या घालत राहा. समतोल आपोआप सापडतो. समतोलात ज्या पानावर भटके अधिक, त्याची पत अधिक. आपल्या उदाहरणात शिलालेखाचे पान पहिले आले.

पेज आणि ब्रिन यांनी यात एक सुधारणा केली. खरा वाचक नेहमीच दुवे धरून चालत नाही. कधी कंटाळतो आणि भलत्याच पानावर उडी मारतो. म्हणून त्यांनी साधारणपणे १०० पैकी ८५ जण दुवा धरतात आणि १५ जण कोणत्याही पानावर उडी मारतात, असे मानले. आजची शोधयंत्रे याखेरीज इतर पुष्कळ गोष्टी जमेस धरतात. तरी दुव्यांवरून पत ठरवण्याचे तत्त्व अजून टिकून आहे.

घर हलले, पाटी लावली नाही

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. शाळेने संकेतस्थळ नव्या व्यवस्थेवर हलवले. शिलालेखाचा मजकूर जसाच्या तसा नव्या पत्त्यावर ठेवला. या पानाला 'नवा श' म्हणू. जुना पत्ता बंद केला.

'क' आणि 'ख' यांच्यावरचे दुवे कोठे जातात? अर्थात जुन्याच पत्त्याकडे. ग्रामपंचायतीला किंवा पर्यटनवाल्यांना शाळेच्या घरबदलाची वार्ताही नसते. तेव्हा भटके चालत येतात ते बंद दारापाशी. 'नवा श' कडे एकही दुवा नाही. त्याच्याकडे येणार ते केवळ उडी मारणारे. दर फेरीला ८०० पैकी १२० जण उडी मारतात. त्या उड्या चार पानांत सारख्या वाटल्या, तर 'नवा श' च्या वाट्याला सरासरी ३० जण येतात. कोठे ३२० आणि कोठे ३०!

मजकूर तोच असून पान मागे का पडले, याचे कारण आता उघड झाले. पत मजकुराच्या नावावर जमा झालेली नव्हती, ती पत्त्याच्या नावावर जमा झालेली होती. आपण मजकूर हलवला, पण पत जुन्या पत्त्यापाशीच सोडून दिली. शोधयंत्राच्या दृष्टीने 'नवा श' हे काल जन्मलेले, कोणाच्या ओळखीचे नसलेले पान आहे.

यावर उपाय साधा आहे. घर बदलणारा माणूस टपाल कार्यालयात नवा पत्ता कळवून ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेली पत्रे नव्या घरी येतात. महाजालावर हीच सोय आहे.

तीन आकडी उत्तर

आपण एखादा पत्ता उघडतो तेव्हा आपला संगणक दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, ते पान मागतो. सर्व्हर पानाबरोबर एक तीन आकडी संख्याही पाठवतो. ती आपल्याला सहसा दिसत नाही, पण शोधयंत्र ती अवश्य वाचते. पहिल्या अंकावरून उत्तराची जात कळते. २ असेल तर काम झाले. ३ असेल तर वस्तू दुसरीकडे आहे. ४ असेल तर मागणीत काही चूक आहे. ५ असेल तर सर्व्हरमध्येच बिघाड आहे.

यांतील चार संख्या आपल्या कामाच्या आहेत. २०० म्हणजे 'हे घ्या पान'. ४०४ म्हणजे 'असे पान येथे सापडत नाही'. ३०१ म्हणजे 'हे पान कायमचे हलले आहे, त्याचा नवा पत्ता अमुक'. ३०२ म्हणजे 'हे पान तात्पुरते दुसरीकडे आहे'. १९९६ सालच्या एचटीटीपीच्या नियमपत्रिकेतही या संख्या आढळतात.

जुन्या पत्त्यावर ३०१ ची पाटी लावली, की वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो. शोधयंत्रही समजते, की जुना 'श' आणि 'नवा श' ही एकाच पानाची दोन नावे आहेत. मग ते जुन्याच्या नावावर जमा असलेली पत नव्याच्या नावे लिहिते. आपले ३२० भटके पाटी वाचून 'नवा श' वर येतात आणि समतोल पहिल्यासारखाच राहतो. अशा वळणावर थोडी पत गळते, असे पूर्वी मानले जाई. पण गूगलने २०१६ साली असे स्पष्ट केले, की या पाट्यांमुळे पेजरँक घटत नाही.

३०१ आणि ३०२ यांत एका अंकाचाच फरक, पण अर्थ निराळा. 'तात्पुरते' असे सांगितले, तर जुना पत्ताच खरा समजून ठेवण्याकडे शोधयंत्राचा कल राहतो. तेव्हा कायमच्या स्थलांतराला ३०१ हीच पाटी हवी.

एकास एक

येथे आणखी एक चूक पुष्कळ ठिकाणी होते. जुनी पाने पाचशे असतात. प्रत्येकासाठी वेगळी पाटी लिहायचा कंटाळा येतो. मग सर्व जुने पत्ते नव्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाकडे वळवले जातात. एखाद्या पाहुण्याने एस.टी. स्थानकावर अमक्याचे घर विचारावे आणि आपण येणाऱ्या प्रत्येकाला चावडीवर पाठवून द्यावे, तसलाच हा प्रकार! शिलालेख शोधणाऱ्याला मुखपृष्ठावर शाळेच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे दिसतात आणि तो निघून जातो. शोधयंत्रही फसत नाही. मागितलेली वस्तू न देता भलतीच दिली, तर ते त्या उत्तराला ४०४ सारखेच मानते.

म्हणून प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे त्याचा नेमका नवा पत्ता, अशी जोड्या लावलेली सारणी करावी लागते. ती करणे किती चिकाटीचे काम असते, हे मराठी विश्वकोशाच्या उदाहरणावरून कळेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईला या कोशाचे काम झाले. पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे खंडांची संख्या वीसपर्यंत गेली. २०११ पासून हा कोश महाजालावर येऊ लागला. सुरुवातीचा पत्ता 'मराठीविश्वकोश डॉट इन' असा होता आणि त्यात खंडाचा क्रमांक व लेखाचा क्रमांक येत असे. पुढे नोंदी 'विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन' या शासकीय पत्त्यावर आल्या. तेथे नोंदीच्या पत्त्यात निराळाच क्रमांक असतो. जुन्या क्रमांकातून नवा क्रमांक काढता येईल असे कोणतेही सूत्र या दोहोंत दिसत नाही. हजारो नोंदींच्या अशा स्थलांतरात नोंदीच्या शीर्षकावरून एकेक जोडी जुळवणे, हाच मार्ग उरतो. मराठी विकिपीडियावरील काही लेखांच्या संदर्भांत जुन्या घडणीचे पत्ते अजूनही आढळतात. अशा प्रत्येक संदर्भामागे लिहिणाऱ्या एकेका माणसाचा विश्वास असतो. सारणीतली एक ओळ राहून गेली, तर तो विश्वास बंद दारापाशी जातो.

खुद्द विकिपीडियाने ही अडचण ओळखून तिची सोय आधीच करून ठेवली आहे. तेथे एखाद्या लेखाचे शीर्षक बदलले, की जुन्या शीर्षकावर नव्याकडे नेणारी पाटी आपोआप बसते. मराठी विकिपीडियात तिला 'पुनर्निर्देशन' म्हणतात. गावांची, शहरांची नावे बदलतात तेव्हा या सोयीची किंमत कळते. कर्नाटकातील विजापूरचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून विजयपुरा झाले, पण आपल्याकडे लोकांच्या तोंडी विजापूरच आहे. दोन्ही नावांनी शोधणाऱ्याला एकाच ठिकाणी पोचता आले पाहिजे.

देवनागरी पत्त्यांचा खास पेच

पत्ता देवनागरीत असेल, तर मराठी संकेतस्थळांपुढे आणखी एक पेच उभा राहतो. पत्ता पाठवताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अक्षरे असा तीन खुणांनी लिहिला जातो. 'मंद्रूप' या शब्दात चिन्हे किती? म, अनुस्वार, द, हलन्त, र, दीर्घ ऊकार आणि प, अशी सात. म्हणजे सात गुणिले तीन, २१ बाइट, आणि २१ गुणिले तीन, ६३ खुणा! एवढी लांब मालिका हाताने उतरवताना एक खूण जरी चुकली, तरी पाटी निरुपयोगी होते.

याहून सूक्ष्म पेच 'दऱ्या' सारख्या शब्दांत आहे. यातील अर्धा र दोन तऱ्हांनी टंकलिखित करता येतो. एका तऱ्हेत द, ऱ, हलन्त, य, काना अशी पाच चिन्हे असतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह येते, म्हणून एकूण सहा चिन्हे होतात. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच दिसतात. पण एकाच्या ४५ खुणा होतात आणि दुसऱ्याच्या ५४. संगणक त्यांना दोन वेगळे पत्ते समजतो. तेव्हा सारणी करताना शब्द पुन्हा टंकलिखित करू नयेत, जुन्या सर्व्हरवरचे पत्ते जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

स्थलांतराची रीत

आता सर्व गोष्टी क्रमाने मांडू.

१. हलण्यापूर्वी सर्व जुन्या पत्त्यांची यादी करावी. पानांबरोबर छायाचित्रे आणि पीडीएफ धारिका यांचेही पत्ते घ्यावेत. बाहेरचे दुवे पुष्कळदा त्यांच्याकडेही असतात. सर्व्हरच्या नोंदवहीत कोणते पत्ते लोक प्रत्यक्ष उघडतात तेही सापडते.

२. प्रत्येक जुन्या पत्त्यापुढे नवा पत्ता लिहावा. एखादे पान खरोखरच काढून टाकायचे असेल आणि त्याला पर्याय नसेल, तर तेथे ४०४ येऊ द्यावे. खोटी पाटी लावू नये.

३. नवे संकेतस्थळ आधी खाजगी जागेत तपासावे. तोवर शोधयंत्राला तेथे मज्जाव करावा. उद्घाटनाच्या दिवशी हा मज्जाव आठवणीने काढावा. तो तसाच राहिला, तर बाकीची सर्व मेहनत वाया जाते.

४. उद्घाटनाच्याच दिवशी ३०१ च्या सर्व पाट्या लावाव्यात. पाटी थेट शेवटच्या पत्त्याकडे नेणारी असावी. पहिली पाटी दुसरीकडे, दुसरी तिसरीकडे, अशी साखळी नसावी. गूगलचा शोधक अशा दहा पाट्यांपर्यंतच मागोवा घेतो आणि प्रत्येक पाटीपाशी वाचकाचा वेळही जातो.

५. आपल्याच पानांमधील दुवे सरळ नव्या पत्त्यांवर आणावेत. नव्या पत्त्यांची यादी शोधयंत्राला सादर करावी. ज्यांनी आपल्याकडे महत्त्वाचे दुवे दिले आहेत, त्यांना पत्र पाठवून दुवा बदलण्याची विनंती करावी.

६. पुढील काही आठवडे सर्व्हरच्या नोंदवहीत ४०४ कोठे येते ते पाहावे आणि राहिलेल्या पाट्या लावाव्यात. या काळात क्रमांक थोडा वरखाली होतो, त्याने घाबरून जाऊ नये. मध्यम आकाराच्या संकेतस्थळाची बहुतेक पाने नव्या पत्त्यांनिशी सूचीत येण्यास काही आठवडे लागतात.

७. पाट्या निदान वर्षभर ठेवाव्यात, असे गूगलचे सांगणे आहे. शक्य असेल तर त्या कायमच्या ठेवाव्यात. जुने डोमेन, म्हणजे जुने नाव, दरवर्षी शुल्क भरून आपल्याकडेच राखावे. ते सोडून दिले, तर दुसरा कोणीही ते विकत घेऊ शकतो. मग शाळेच्या जुन्या दुव्यावरून विद्यार्थी कोणत्या दुकानात जाऊन पोचतील, याचा नेम नाही. महामार्ग १३ चे काय झाले ते आठवा.

प्रयोगशाळेतला एक नियम येथेही लागू पडतो. लंबकाचा आवर्तकाल कशावर अवलंबून आहे हे पाहताना आपण लांबी, वस्तुमान आणि झोका एकाच वेळी बदलत नाही. एकेक बदलतो. तसेच संकेतस्थळ हलवताना पत्ते, मजकूर आणि पानांची मांडणी हे सर्व एकाच दिवशी बदलू नये. बदलले आणि क्रमांक घसरला, तर घसरण कशामुळे झाली हे सांगता येणार नाही. आधी पत्ते हलवावेत, क्रमांक स्थिरावू द्यावा, मग मजकुराला हात घालावा.

सर्वांत उत्तम म्हणजे पत्ता न बदलणे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच हे आग्रहाने लिहिले होते. आतली व्यवस्था कितीही वेळा बदला, बाहेरचा पत्ता तोच ठेवता येतो. पुणे विद्यापीठाचे नाव २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, पण महाजालावरील 'युनिपुणे' हा पत्ता त्यानंतरही चालू राहिला. त्यामुळे जुने दुवे त्या नामांतराने तुटले नाहीत.

आपल्याला हे अधिक महत्त्वाचे का?

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती, असे तीत आढळले. हे नुकसान साऱ्या जगाचे आहे, पण ते सर्वांना सारखे जाणवत नाही. इंग्रजीतील एखाद्या गाजलेल्या पानाकडे हजार दुवे असतील, तर त्यांतले दहा तुटल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. हत्तरसंग कुडलच्या शिलालेखावरील मराठी पानाकडे मात्र एकूण दुवेच दोन-तीन असायचे. आपल्या उदाहरणात दोनच होते, आणि एका चुकीने दोन्ही तुटले. तशी दहा पाने नाहीशी झाली, तर मंद्रूपच्या विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्याची माहिती आपल्या भाषेत मिळणार नाही. ती लिहिली गेली असेल, सर्व्हरवर सुखरूप असेल, पण तिच्यापर्यंत वाट नसेल. ज्ञान नष्ट व्हायला ते जाळावेच लागते असे नाही. त्याकडे जाणारी वाट मोडली तरी पुरते.

करून पाहा

१. वरच्या प्रयोगात 'क' वरून 'ग' कडे आणखी एक दुवा जोडा. म्हणजे 'क' वरचे निम्मे भटके 'श' कडे आणि निम्मे 'ग' कडे जातील. नवा समतोल काढा. (उत्तर: श २००, क ३००, ख १००, ग २००. 'श' पहिल्या स्थानावरून खाली का आला, याचा विचार करा.)

२. 'सोलापूर' हा शब्द पत्त्यात लिहिला तर किती खुणा होतील? (उत्तर: सात चिन्हे, म्हणून ६३.)

३. वर्गातील चाळीस मुलांना चार कोपऱ्यांत उभे करून भटक्यांचा खेळ प्रत्यक्ष खेळा. दुवे फळ्यावर लिहा. दुवे दोन असतील तेथे कोणत्या बाजूने जायचे ते नाणे उडवून ठरवा. प्रत्येक शिट्टीनंतर चारही कोपऱ्यांतील मुले मोजा. दहा फेऱ्यांत आकडे १६, १२, ८, ४ यांच्या आसपास फिरू लागतात का?

४. आपल्या शाळेच्या किंवा गावाच्या संकेतस्थळाकडे कोठून कोठून दुवे येतात ते शोधा. त्यांतील किती उघडतात आणि किती बंद दारापाशी नेतात, याचा तक्ता करा. बंद दुव्यांची यादी मुख्याध्यापकांना किंवा ग्रामसेवकांना नेऊन द्या.